४८ केबी आणि एक चुकलेला बिट



मागच्या सेमिस्टरच्या ओरलला एका मुलाला मी विचारलं, "पॅरिटी कशासाठी असते?" तो पटकन म्हणाला, "सर, एरर करेक्ट करायला." मी म्हटलं, "करेक्ट करायला की नुसती पकडायला?" तो छताकडे बघायला लागला. पंख्यावर उत्तर लिहिलेलं असतं असा आपल्याकडे जुना समज आहे!

त्याला मी मार्क दिले. कारण चूक पकडणं वेगळं आणि ती दुरुस्त करणं वेगळं, हे पुस्तकात वाचून मलाही पाठ होतं, पण खरं कळलं ते गेल्या दिवाळीत. तेही कुठल्या सेमिनारमध्ये नाही, तर घरच्या माळ्यावर सापडलेल्या एका कॅसेटमुळे. आणि शिकवलं कोणी? माझ्या थोरल्या भावानं, ज्यानं १९८८ नंतर कॉम्प्युटरला हात लावलेला नाही. मॅगझीनची मुलं दरवर्षी "सर, काहीतरी तांत्रिक द्या, पण मराठीत" म्हणून मागे लागतात. यंदा ही गोष्ट देतो. यात थोडा अभ्यास आहे, थोडा माझा गुन्हा आहे.

आमच्या घरातला कॉम्प्युटर

इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या सिंक्लेअर रिसर्च या कंपनीनं २३ एप्रिल १९८२ ला 'झेडएक्स स्पेक्ट्रम' नावाचा घरगुती कॉम्प्युटर बाजारात आणला. १६ केबी मेमरीचा १२५ पौंडांना आणि ४८ केबीचा १७५ पौंडांना. मॉनिटर नाही, डिस्क नाही. पडदा म्हणजे घरातला टीव्ही आणि साठवण म्हणजे घरातला टेपरेकॉर्डर. १९८४ मध्ये त्याचीच जरा बऱ्या कळफलकाची 'स्पेक्ट्रम प्लस' ही आवृत्ती आली. हीच पुढे डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीनं परवाना घेऊन भारतात 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' म्हणून विकली. त्यातला एक आमच्या तालुक्याच्या गावी आला. वडिलांनी दादासाठी प्रॉव्हिडंट फंडातून कर्ज काढलं होतं. दादा इंजिनिअरिंगला, मी पाचवीत.

त्या काळात कॉम्प्युटर म्हणजे काय हे गावात फारसं कोणाला माहीत नव्हतं. १९८४ मध्ये केंद्र सरकारनं 'क्लास' योजना सुरू केली आणि निवडक शाळांमध्ये बीबीसी मायक्रो हे मशीन आलं, पण आमची शाळा काही त्या यादीत नव्हती. त्यामुळे संध्याकाळी आमच्या ओट्यावर गर्दी! शेजारचे काका विचारायचे, "यावर चित्रहार लागतं का?"

आता या मशीनचा हिशेब मांडतो. तुमच्या फोनमधला एखादा फोटो ३ एमबीचा असतो. तेवढ्या जागेत स्पेक्ट्रमची आख्खी मेमरी ६४ वेळा मावते. आत झेड-८० प्रोसेसर, घड्याळ ३.५ मेगाहर्ट्झ. पत्ते एकूण ६५,५३६. पहिल्या १६,३८४ पत्त्यांवर रॉम, त्यात बेसिक भाषा. पत्ता १६,३८४ पासून पडदा सुरू. पडदा २५६ गुणिले १९२ ठिपक्यांचा, म्हणजे ६,१४४ बाइट. रंगांसाठी आणखी ७६८ बाइट, म्हणजे ८ गुणिले ८ ठिपक्यांच्या एका चौकटीला एकच बाइट. त्यातले ३ बिट शाईच्या रंगाला, ३ कागदाच्या रंगाला, १ चमक आणि १ उघडझाप. म्हणून एका चौकटीत दोनच रंग. हिरव्या झाडासमोरून पिवळा माणूस गेला की झाडच पिवळं व्हायचं! आमचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट असल्यामुळे आम्हाला हा त्रास कधी झाला नाही. रंग आम्ही पुस्तकात वाचूनच समजून घेतले.

पडदा आणि रॉमची स्वतःची कामं वगळली की बेसिकमध्ये लिहिणाऱ्याच्या हातात ४१ हजारांच्या आसपास बाइट उरायचे. एवढ्यात काय होणार, असं वाटेल. पण इथंच तर सगळी मजा आहे.

थोडक्यात संसार

दोन उदाहरणं देतो.

पहिलं 'मॅनिक मायनर'. मॅथ्यू स्मिथ या पोरसवदा मुलानं १९८३ मध्ये स्पेक्ट्रमसाठी लिहिलेला उड्या मारत किल्ल्या गोळा करण्याचा खेळ. त्यात २० गुहा आहेत. प्रत्येक गुहेचा नकाशा, राक्षस, किल्ल्या, रंग, नाव हे सगळं मिळून बरोबर १,०२४ बाइट. पहिली गुहा पत्ता ४५,०५६ पासून सुरू होते. २० गुणिले १,०२४ म्हणजे २०,४८०. बेरीज करून बघा, विसावी गुहा ६५,५३५ या शेवटच्या पत्त्यावर संपते. त्यापुढे मेमरीच नाही! आपल्या मेसमध्ये शेवटच्या मुलाच्या ताटात शेवटची पोळी पडते तसं.

दुसरं उदाहरण होस्टेलवाल्यांसाठी. डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल हे केंब्रिजमधले दोन विद्यार्थी. कॉलेजात असताना त्यांनी बीबीसी मायक्रोसाठी 'एलिट' हा अंतराळ व्यापाराचा खेळ लिहिला. तो १९८४ मध्ये आला आणि १९८५ मध्ये स्पेक्ट्रमवरही आला. बीबीसी मायक्रोची मेमरी ३२ केबी, आणि खेळात ८ आकाशगंगा, प्रत्येकीत २५६ ग्रह, म्हणजे एकूण २,०४८ ग्रह. प्रत्येकाला नाव, राज्यव्यवस्था, बाजारभाव. हे सगळं साठवलं कुठं? उत्तर असं की साठवलंच नाही! त्यांनी १६ बिटांच्या तीन संख्या घेतल्या. तिन्हींची बेरीज करायची, पहिली टाकून द्यायची, बाकीच्या एकेक घर पुढे सरकवायच्या, बेरीज शेवटी ठेवायची. आपल्या फिबोनाचीचाच चुलतभाऊ. या संख्यांच्या बिटांवरून ग्रहाचं नाव आणि गुण ठरतात. सुरुवात तीच असली की विश्व दरवेळी तेच निघतं. म्हणजे विश्व साठवायचं नाही, विश्वाचं बी साठवायचं. सहा बाइटांचं बी!

दादाला हे कळलं ते एका मित्राकडच्या फाटक्या इंग्रजी मासिकातून. त्या रात्री तो जेवायलाही उठला नाही.

दादाचा खेळ

दादाला दोन व्यसनं. एक हे मशीन आणि दुसरं विज्ञानकथा. गावच्या वाचनालयात जयंत नारळीकरांचं 'यक्षांची देणगी' होतं, ते तो दर दोन महिन्यांनी आणायचा. जेवताना मला एक किस्सा हमखास सांगायचा. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' नावाच्या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखक कोण, तर नारायण विनायक जगताप. नंतर कळलं की हे तर जयंत विष्णू नारळीकर! आद्याक्षरं उलटी वाचा, 'ना वि ज' चं 'ज वि ना'. दादा म्हणायचा, "बघ, एवढा मोठा शास्त्रज्ञ, पण नावावर मार्क नको म्हणाला." २० मे २०२५ ला नारळीकर गेले, तेव्हा दादाचा मला फोन आला. फार काही बोलला नाही. "वाचनालयातलं ते पुस्तक अजून असेल का रे?" एवढंच विचारलं.

तर असो. १९८७ मध्ये दादाचा इयर डाऊन झाला. दोन विषय राहिले आणि वर्ष घरी बसला. ज्यांच्यावर ही वेळ आली आहे त्यांना सांगायला नको की घरात कसं वातावरण असतं. वडील बोलायचे नाहीत, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट. दादा दिवसा राहिलेल्या विषयांचा अभ्यास करायचा आणि रात्री सगळे झोपले की टीव्हीचा आवाज बंद करून मशीनसमोर बसायचा. मी अंथरुणातून चोरून बघायचो. मध्येच लाइट गेली की त्या दिवसाचं सगळं काम गेलं, कारण वीज गेली की स्पेक्ट्रमची मेमरी कोरी. म्हणून दर तासाला कॅसेटवर 'सेव्ह' करायचं, त्याच जागी, आधीच्यावरच.

सहा-सात महिन्यांत खेळ तयार झाला. अंतराळयान घेऊन निघायचं, ताऱ्यांवर थांबत जायचं, हवं ते गोळा करायचं आणि इंधन संपायच्या आत परत यायचं. वाटेत एका ठिकाणी कृष्णविवर, ते चुकवायचं. तारे २००, पण साठवलेला एकही नाही! बेसिकमध्ये 'रँडमाइझ' नावाची आज्ञा आहे. तिला एक संख्या दिली की पुढचे 'यादृच्छिक' आकडे दरवेळी त्याच क्रमानं येतात. दादानं दिली होती ११४, त्याच्या होस्टेलच्या खोलीचा नंबर. मशीनमध्ये मराठी अक्षरं नव्हती, पण स्वतः आखायला २१ चिन्हं मिळायची, प्रत्येकी ८ बाइटांची. त्यातून त्यानं दोनच अक्षरं घडवली, 'घ' आणि 'र'. परत यायच्या ताऱ्यावर ती दिसायची.

शहरात गेम्सच्या कॅसेट विकणारे एक गृहस्थ होते. ते म्हणाले, "आणून दाखव, चांगला असला तर ठेवू." दादानं कॅसेटवर बॉलपेननं नाव लिहिलं आणि सकाळच्या एसटीची वाट बघत झोपला.

माझा गुन्हा

आता अकरा वर्षांच्या मुलाला सांगितलं की या कॅसेटमध्ये २०० तारे आहेत, तर तो काय करेल? मी ती आमच्या टू-इन-वनमध्ये घातली. ताऱ्यांचा आवाज ऐकायला.

आधी पाच सेकंद एक सलग सूर, मग फॅक्ससारखा किरकिराट. मग एकदम आवाज खोल गेला आणि थांबला. झाकण उघडलं तर टेप आतल्या रोलरला गुंडाळलेली! बोटांनी सोडवली. मध्ये इंचभर चुरगळली होती, ती नखानं सारखी केली. पेन्सिलीनं गुंडाळली आणि कॅसेट जागच्या जागी ठेवून दिली. सांगितलं कोणालाच नाही.

संध्याकाळी दादा परत आला. त्या गृहस्थांनी तीन वेळा लावून बघितली होती. तिन्ही वेळा पडद्यावर एकच ओळ, 'आर टेप लोडिंग एरर, ०:१'. त्यांनी काही न बोलता कॅसेट परत दिली म्हणे. दादाला वाटलं आपलंच रेकॉर्डिंग कच्चं. घरी त्यानं रात्री दोनपर्यंत आवाज कमीजास्त करून प्रयत्न केले. मग कॅसेट माळ्यावर टाकली. पुढे राहिलेले विषय सुटले, डिग्री झाली, साखर कारखान्यात नोकरी लागली, चांगली केली. पण मशीन पुन्हा लावलं नाही. मी मात्र त्याच मशीनवर शिकलो, आणि आज तुम्हाला डिजिटल कम्युनिकेशन शिकवतो आहे. यातला अन्याय तुमच्या लक्षात आला असेल. माझ्या तो सदतीस वर्षं लक्षात आहे.

टेपवर काय असतं?

गेल्या दिवाळीत घराला रंग द्यायचा म्हणून माळा रिकामा केला आणि कॅसेट हातात आली. मशीनही मिळालं, पण कळफलकाखालचा प्लॅस्टिकचा पातळ पडदा, ज्याला मेम्ब्रेन म्हणतात, तो वाळून तुटला होता. मी कॅसेट इकडे आणली, एका जुन्या डेकवर वाजवली आणि साउंड कार्डातून लॅपटॉपवर रेकॉर्ड केली, सेकंदाला ४४,१०० नमुने.

आता वही काढा. स्पेक्ट्रमच्या टेपचं गणित फार सुंदर आहे.

आधीचा सलग सूर म्हणजे पायलट टोन, साधारण ८०७ हर्ट्झ. 'माल येतोय, तयार रहा' एवढाच त्याचा अर्थ. मग दोन छोटे सिंक पल्स, की सुरू. मग बिट. प्रत्येक बिट म्हणजे दोन सारख्या लांबीचे पल्स. शून्यासाठी प्रत्येक पल्स प्रोसेसरच्या घड्याळाचे ८५५ ठोके, एकासाठी बरोबर दुप्पट, १,७१०. म्हणजे शून्याचा सूर २,०४७ हर्ट्झच्या आसपास, एकाचा त्याच्या निम्मा. शून्य-एक सारखेच आले तर वेग सेकंदाला सरासरी १,३६५ बिट. ४८ केबी भरायला पावणेपाच-पाच मिनिटं लागायची ती यामुळे. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये शून्याचा पल्स ११ नमुन्यांचा आणि एकाचा २१-२२ नमुन्यांचा यायला हवा.

प्रत्येक फाइलचे दोन तुकडे. पहिला हेडर, १७ बाइटांचा. त्यात प्रकार, १० अक्षरी नाव, लांबी वगैरे. दुसरा खरा माल. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी एक तपासणीचा बाइट. तो कसा काढतात? तुकड्यातले सगळे बाइट एकमेकांशी एक्स-ऑर करायचे. वाचताना या शेवटच्या बाइटसकट सगळ्यांचं एक्स-ऑर शून्य आलं तर ठीक, नाहीतर 'टेप लोडिंग एरर'.

दादाच्या कॅसेटचं हेडर स्वच्छ निघालं. खेळ ९ केबीच्या आसपास, म्हणजे टेपवर मिनिटभराचा. त्याचं एक्स-ऑर केलं तर उत्तर आलं ००१०००००. म्हणजे ३२.

इथं थांबा आणि विचार करा. सगळे बाइट एकाखाली एक लिहिले तर आठ स्तंभ होतात. एक्स-ऑर म्हणजे प्रत्येक स्तंभाची सम-विषम तपासणी. सात स्तंभ बरोबर, पाचवा चुकला (उजवीकडून, शून्यापासून मोजून). म्हणजे बहुधा एकच बिट उलटा झाला आहे आणि तो पाचव्या स्तंभात आहे. पण नऊ हजार ओळींपैकी कुठल्या ओळीत? ते एक्स-ऑर सांगत नाही. पॅरिटी 'चोरी झाली' सांगते, 'चोर कोण' सांगत नाही. ओरलचं उत्तर ते हेच!

दुसरा पुरावा टेपवर होता. कॅसेटचा वेग सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर. चुरगळलेला भाग इंचभर, म्हणजे अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त, म्हणजे सव्वासातशे बिट, म्हणजे ९१ बाइट. प्रत्येकात पाचवा बिट एक. नऊ हजारांवरून संशयित आले ९१ वर! त्या जागेचे पल्स एकेक करून मोजले. बहुतेक धड होते. पाच ठिकाणी लांबी धड ११ नाही, धड २२ नाही. पाच संशयित.

मग मी एकेक बिट उलटा करून प्रोग्रॅमची लिस्टिंग बघितली. अक्षरांच्या कोडमध्ये कॅपिटल आणि स्मॉल यांच्यात फरक बरोबर ३२ चाच असतो, म्हणून मला वाटलं की एखादं अक्षर बिघडलं असणार. चार ठिकाणी बिट उलटा केल्यावर चांगला शब्द बिघडला, म्हणजे ते मुळात बरोबर होते. पाचव्या ठिकाणी बिट उलटा केला, तरी लिस्टिंगमध्ये काहीच बदललं नाही. म्हणून मी त्याला निर्दोष सोडलं! तपासणीचा बाइटच चुकला असेल, असं मनाशी ठरवलं, तो बदलला आणि इम्युलेटरवर, म्हणजे लॅपटॉपवरच्या नकली स्पेक्ट्रमवर, खेळ चालू केला.

चालू झाला! सदतीस वर्षांनी. मी होस्टेलच्या मुलांसारखा ओरडलो.

पण खेळ जमेना. तिसऱ्या उडीला इंधन संपायचं. कुठल्याही दिशेनं जा, तिसऱ्या उडीला संपायचं. पंधरा-वीस वेळा खेळलो. मग मनात नको तो विचार आला, की खेळच फसलेला आहे. दादाला जमलंच नव्हतं. इतकी वर्षं मी ज्याचं ओझं वागवलं, त्याची किंमत एवढीच? खरं सांगतो, क्षणभर हायसं वाटलं. आणि मग त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली. आठवडाभर मी लॅपटॉप उघडला नाही.

लाइन एडिट कर

शेवटी गावी गेलो आणि दादासमोर लॅपटॉप ठेवला. म्हटलं, "बघ काय मिळालं." तो चष्मा पुसत बसला. खेळ सुरू झाला, वरच्या कोपऱ्यात इंधन दिसलं, ८. दादानं कळ दाबलीच नाही.

"चाळीस पाहिजे," तो म्हणाला.

"काय?"

"इंधन. चाळीस दिलं होतं मी. आठात कोण परत येईल?"

मी लिस्टिंग उघडून दाखवली. तिसाव्या ओळीत स्पष्ट होतं, 'लेट एफ = ४०'. म्हटलं, "बघ, चाळीसच आहे." दादा हसला. आणि मग त्यानं मला जे सांगितलं ते मला, प्राध्यापक असून, आठवलं नव्हतं.

स्पेक्ट्रमच्या बेसिकमध्ये तुम्ही ४० लिहिलं की मशीन ते दोनदा ठेवतं. एकदा '४' आणि '०' ही अक्षरं, तुम्हाला दाखवायला. आणि त्यामागे लपवून एक खुणेचा बाइट आणि पाच बाइटांत खरी किंमत, स्वतः वापरायला. लिस्टिंग छापताना हे सहा बाइट वगळले जातात. प्रोग्रॅम चालताना मात्र लपवलेलीच किंमत वाचली जाते, म्हणजे दरवेळी आकडेमोडीचा वेळ वाचतो. चाळीस म्हणजे ००१०१०००. त्यातला पाचवा बिट गेला की उरतं ००००१०००. आठ! चाळीस वजा बत्तीस. दाखवायचे दात चाळीस आणि खायचे आठ.

दादा पुढे म्हणाला, "जागा वाचवायला आम्ही काही ठिकाणी व्हॅल आणि अवतरणात आकडा लिहायचो, तीन बाइट वाचायचे. इथं तसं केलं असतं तर लपलेली किंमतच नसती. चूक उघडी दिसली असती. आळस केला."

मी विचारलं, "आता?"

"आता काय? लाइन एडिट कर आणि नुसतं एंटर मार."

कारण ओळ एडिटला घेतली की लपलेले बाइट टाकून दिले जातात, आणि एंटर मारलं की मशीन दिसणाऱ्या आकड्यावरून ते नव्यानं तयार करतं. एक अक्षरही न बदलता मी एंटर मारलं. इंधन ४० झालं. घरी परत आल्यावर मी पाचव्या संशयिताचे पल्स पुन्हा पाहिले. दोन्ही मिळून ४३ नमुने हवे होते, आले होते ३१. एक आणि शून्य यांच्यातली सीमा ३२ ला. एका नमुन्यानं हुकलं होतं!

दादा खेळला. कृष्णविवर कुठं आहे ते त्याला अजून पाठ होतं. पडद्यावर 'घर' आलं तेव्हा इंधन १ उरलं होतं. वहिनी मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "हे तुम्ही केलंय?"

मग मी त्याला टू-इन-वनची गोष्ट सांगितली. रोलर, नख, पेन्सिल, सगळी. तो बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "एकच कॉपी ठेवली ही माझी चूक. सांगितलं नाहीस ही तुझी." आणि वहिनींना चहा टाकायला सांगितलं.

तात्पर्य?

विद्यार्थी म्हणतात, "सर, परीक्षेला काय येईल ते सांगा." सांगतो.

चूक पकडायला एक जादा बाइट पुरतो. चूक दुरुस्त करायला जादा माहिती लागते, आणि ती कुठून तरी यावी लागते. हॅमिंगचा कोड ती सोबत पाठवतो. आम्हाला ती तीन ठिकाणांहून मिळाली. एक्स-ऑरनं स्तंभ सांगितला, चुरगळलेल्या टेपनं जागा सांगितली, आणि नेमका बिट सांगितला दादाच्या डोक्यानं. इतक्या वर्षांनी त्याला चाळीस आठवत होतं.

का आठवत होतं, यावर मी बराच विचार केला. आम्ही जुनी माणसं जुन्या मशीनच्या नावानं उसासे टाकतो, तेव्हा तुम्हाला वाटतं की ती मशीन चांगली होती असं आमचं म्हणणं आहे. मुळीच नाही! पाच मिनिटं लोडिंग, मग एरर, त्यात काय चांगलं? पण त्या मशीनमध्ये एकही कोपरा असा नव्हता की जो एका माणसाला कळू शकत नव्हता. ६५,५३६ पत्ते, सगळ्यांचा हिशेब. आख्खं मशीन एका डोक्यात मावायचं. आज तुमच्या हातातल्या फोनबद्दल असं जगातला कोणीच म्हणू शकणार नाही, तो बनवणारेही नाहीत. म्हणून इंजिनिअर होताना निदान एक तरी यंत्र, लहान का असेना, तळापासून वरपर्यंत आपल्या डोक्यात बसवा. एकदा बसलं की जात नाही. दादाचं उदाहरण समोर आहे.

आणखी दोन गोष्टी. प्रोजेक्टच्या कॉपी दोन ठेवा, वेगवेगळ्या ठिकाणी. पेन ड्राइव्ह आणि लॅपटॉप एकाच बॅगेत ठेवणं म्हणजे दोन कॉपी नव्हेत! आणि आपल्या हातून काही बिघडलं तर त्याच दिवशी सांगा. रूममेटचं सर्किट जाळलंत तरी सांगा. त्या संध्याकाळी मी बोललो असतो तर दादानं आपल्याच रेकॉर्डिंगला दोष दिला नसता, एवढं तरी झालं असतं. कदाचित मशीन चालू असतानाच त्यानं तिसावी ओळ पुन्हा टाइप केली असती.

ज्यांचा यंदा इयर डाऊन आहे त्यांनी हा लेख घरी दाखवायला हरकत नाही. त्या वर्षात माणूस काहीच करत नसतो असं नाही.

दादाच्या परवानगीनं ते मशीन मी आमच्या लॅबच्या काचेच्या कपाटात आणून ठेवलं आहे. नवं मेम्ब्रेन आजही विकत मिळतं, ते बसवलं आहे. खेळाची एक प्रत कॅसेटवर, एक डिस्कवर आणि एक दादाकडे. सबमिशन उरकली की शुक्रवारी पाचनंतर या. जे दाबून ओळीनं लोड करायला शिकवतो. आजवर दोन जण 'घर' पर्यंत पोचलेत, दोघंही मेकॅनिकलचे. कॉम्प्युटरवाल्यांनी मनावर घ्यावं!